घरासाठी लेझर प्रिंटर घेताना मी घातलेला घोळ

मी कोथरूडला घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, अठरा पोरं आहेत आणि दर शनिवारी टेस्ट. एकदा भाग १, एकदा भाग २, ४० मार्कांचा पेपर, ४ पानी, म्हणजे एका शनिवारी ७२ पानं आणि महिन्याला तीनशेच्या आसपास. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला प्रिंटला ३ रुपये घेतो. एकच प्रिंट काढून बाकीच्या झेरॉक्स मारल्या तर स्वस्त पडतं, तेही करून झालं, पण माझा पेपर तयार होतो शुक्रवारी रात्री अकराला आणि तो शटर ओढतो नऊला.

घरात आधी इंकजेट होता. मे महिन्यात शिकवण्या बंद, तोही बंद, जूनमध्ये चालू केला तर प्रत्येक ओळीत पांढऱ्या रेघा. हेड क्लीनिंग तीनदा मारलं, होती नव्हती ती शाई त्यातच संपली. तेव्हाच म्हटलं आता लेझरच घ्यायचा, टोनर म्हणजे कोरडी पावडर, दोन महिने पडून राहिला तरी वाळायचा प्रश्न नाही.

मग सगळे करतात तेच मी केलं, ऑनलाइन जाऊन किंमत कमी ते जास्त अशी लावली आणि पहिला जो आला तो जवळजवळ ऑर्डरच केला होता. सासरे शेजारी पेपर वाचत बसले होते, जन्म बँकेत गेलेला माणूस, त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि पावडरीचा डबा केवढ्याला?" बघितलं तर ओरिजिनल टोनर साडेतीन हजार आणि पानं निघणार १०००.

"म्हणजे झेरॉक्सवाल्यापेक्षा आठ आणे महाग, वर कागद आपला आणि वीजही आपली," बाबा म्हणाले आणि परत पेपरात.

तिथून पुढचे चार दिवस मी प्रिंटर सोडून फक्त टोनरच बघत होते. ही जी पानांची संख्या लिहितात ना ती पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा धरून असते, आणि नव्या मशीनबरोबर जो टोनर येतो तो बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो, हे दोन्ही मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

शेवटी मेट्रोने निघाले, कोर्टाला बदलून कसबा पेठला उतरले आणि चालत तपकीर गल्ली. गाडी नेली असती तर पार्किंगमध्येच दिवस गेला असता. तिथे एका माडीवर टोनर भरून देणारा एक जण बसतो, मी विकत घ्यायच्या आधी त्यालाच गाठलं, आणि हे एकच शहाणपण मी या सगळ्यात केलं. त्याच्या टेबलावर १२ए कार्ट्रिजचा, म्हणजे टोनरच्या डब्यांचा, ढीग होता, एचपीच्या १०२० सारख्या जुन्या मशीनचा, आणि कॅननच्या २९०० चं कार्ट्रिजही दिसायला तसंच. मी म्हटलं सेकंडहँड १०२० घेऊ का, तर तो म्हणाला, "घ्या की, मरत नाही ते. पण ताई, यात ड्रम आणि पावडर एकाच डब्यात. चार वेळा भरलं की ड्रम बोलायला लागतो." ड्रम म्हणजे कागदावर पावडर उमटवणारा रूळ. कुणाचं तरी एक पान त्याने पुढे केलं, त्यावर एक काळा ठिपका, खाली परत तोच, परत तोच. पट्टी लावून दाखवली, बरोब्बर साडेसात सेंटिमीटरवर. ड्रमचा एक फेरा तेवढा, म्हणजे ओरखडा ड्रमवरच. (वर्तुळाचा परीघ समजावताना हे उदाहरण मी आता हमखास देते.)

मग त्याने विचारलं, "चिप आहे का, ते बघितलंत?" चिप असली की काही मशीन अपडेट झाल्यावर बाहेरचा टोनर घेतच नाहीत म्हणे, आणि मी ऑनलाइन जो निवडला होता तो नेमका तसलाच निघाला.

शेवटी ब्रदरचा एचएल-एल२३२१डी घेतला, बाराच्या घरात पडला. ड्रम वेगळा, १२००० पानांचा, टोनर वेगळा, २६०० पानांचा, त्याला चिप नाही आणि पाठपोट प्रिंट आपोआप, म्हणजे ७२ पानांना ३६च कागद. वायफाय नाही, फोनवरून प्रिंट जात नाही, पण ते माहीत असूनच घेतला, माझं सगळं लॅपटॉपवरच असतं. सहा-सात किलोचा खोका घेऊन परत मेट्रोत चढले, एका मुलाने उठून जागा दिली, मला नाही, खोक्याला.

पुढचा घोळ गुरुवारी, पुण्यात लाइट जायचा वार तो. लाइट गेलेली, मी सवयीने इन्व्हर्टरवर प्रिंट दिली, आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद, पंख्यासकट सगळं. आत पावडर कागदावर वितळवायला एक रोलर असतो, तो दोनशे डिग्रीच्या आसपास तापतो, त्याला एकदम भरपूर वीज लागते. आता गुरुवारी प्रिंट नाही म्हणजे नाही. पावसाळ्यात कागद सर्दावून अडकायला लागले तो वेगळाच ताप, उघडं रिम मी आता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून साड्यांच्या कपाटात ठेवते.

आणि पहिल्यांदा टोनर भरून घेतला तेव्हा डबा हातात घेताना पावडर सांडली, ती पण माझ्या फिक्या पिवळ्या कुर्त्यावर. मी चोळायला लागले तर तो ओरडलाच, "ताई, हात लावू नका! झटका, आणि घरी गेल्यावर थंड पाणी, गरम अजिबात नको." प्लॅस्टिकचीच पावडर ती, उष्णता लागली की चिकटून बसते. कुर्ता वाचला.

माझे पेपर विरळ, त्यामुळे टोनर भरपूर पुरायला हवा, पण बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि त्यांच्या प्रत्येक नोटिशीवर 'सूचना' हा शब्द जाडजूड काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरात असतो. परवा मी म्हटलं, बाबा, ती पट्टी काढूया का, तुम्हीच हिशोब केला होतात ना पावडरीचा. तर म्हणाले, "पट्टी नसली तर कोण वाचतंय?"