गंगोत्री ते गोमुख: गिला पहाडावर झुडपे का टिकत नाहीत

गोमुखाला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, निघण्यापूर्वी आम्हाला दोन गोष्टी ठासून सांगण्यात आल्या होत्या: चीरबासा ते भोजबासा हा टप्पा म्हणजे निवांत चाल आहे आणि हिमनदीपासून जितके लांब राहाल तितकी जमीन जुनी, म्हणून पक्की आणि हिरवी. गिला पहाडावर या दोन्ही गोष्टी निकालात निघतात.

गंगोत्री ते चीरबासा या ९ किलोमीटरांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. वाट चांगली आहे, सावली आहे. त्यापुढच्या ५ किलोमीटरांत मात्र वाट गिला पहाडाच्या उताराला भिडते, जिथे भुसभुशीत मातीत लहानमोठे धोंडे केवळ अडकून बसलेले आहेत. रात्री गोठलेली माती उन्हाने सैल होते, दुपारी दरीतून वारा सुटतो आणि वर भरळ (रानमेंढ्या) चरत असतात. यांपैकी कोणतेही एक कारण दगड सुटायला पुरते. अभ्यासकांच्या मते सुमारे २०० ते ३०० वर्षांपूर्वी हिमनदीचे मुख भोजबासाच्या आसपास होते. म्हणजे त्याच्या खालच्या अंगाला असलेला हा उतार त्याच्याही आधी बर्फमुक्त झालेला, तरीही तो उघडाबोडका. आणि बर्फाच्या अधिक जवळच्या, भोजबासाच्या सपाटीवर मात्र झुडपे आहेत.

याचे कारण वयात नसून उतारात आहे. बर्फाचा आधार गेला की कडेचे मोरेन (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग) फार काळ ढासळत राहते. १९७२ मध्ये चर्च आणि रायडर या भूरूपशास्त्रज्ञांनी बर्फ हटल्यानंतरच्या या स्थित्यंतराची ‘पॅराग्लेशियल’ अशी मांडणी केली. रोप जगण्यासाठी उतार काही उन्हाळे तरी शांत राहावा लागतो आणि उतार शांत होण्यासाठी मुळांची पकड लागते. ही कोंडी फुटते ती मोठ्या, न हलणाऱ्या शिळेच्या आडोशाला, जिथे बारीक गाळ साचतो आणि वितळलेल्या बर्फाची ओल टिकते. जमिनीलगत पसरणाऱ्या झुडपाकडे वाकून पाहावे: त्याच्या वरच्या अंगाला माती अडून राहिलेली असते आणि खालच्या अंगाला वीतभर पायरी तयार झालेली असते. अशा पायऱ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की पाण्याच्या घळी रुंदावणे मंदावते. सीबकथॉर्न या काटेरी झुडपाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात, त्यामुळे पुढच्या वनस्पतींची सोय होते. तथापि वरून मोठा लोट आला, तर हे सारे एका पावसात गाडले जाते. झाडे लहानसहान हालचाल रोखतात, दरड रोखत नाहीत.

म्हणून चालताना वनस्पतींकडे लक्ष ठेवावे. दगडांवर दगडफुलाचे जुने, रुंद डाग असतील आणि मधल्या मातीवर हिरवे आच्छादन असेल, तर तिथे पाठीवरची सॅक उतरवायला हरकत नाही. दगड ताज्या भंगाचे, स्वच्छ दिसत असतील, तर पाणी प्यायलाही थांबू नये. भोजपत्राचा (भूर्ज वृक्षाचा) बुंधा तळाशी उताराकडे वाकून मग वर वळलेला असेल, तर जमीन सरकते आहे किंवा दर हिवाळ्यात बर्फ तिला रेटतो आहे. भोजबासाला मुळात असलेले भूर्जवन सरपणासाठी तुटले. १९९० च्या दशकात गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे पुन्हा भूर्ज लावायला घेतले. तिथल्या वाळक्या काटकीलाही हात लावू नये.

गोमुखाच्या अगदी मुखाशी जाण्याचा हट्ट निव्वळ मूर्खपणा आहे, कारण तिथले हिमकडे पूर्वसूचना न देता कोसळतात. गोमुखाच्या वरच्या तपोवन या कुरणाविषयी इतरांनी भरभरून लिहिले आहे, मी भर घालत नाही.

ही वाट ज्यात येते ते गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर खुले असते आणि दिवसाला १५० जणांनाच परवाना मिळतो, त्यामुळे तो आधी काढावा. गंगोत्रीहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कोणी सुचवला, तर साफ नकार द्यावा, कारण तो बेत परतीच्या वेळी तुम्हाला नेमका दुपारी, दमलेल्या पायांनी, गिला पहाडाखाली आणून सोडतो. भोजबासाला मुक्काम करावा, जाताना हा टप्पा सकाळीच ओलांडलेला असावा, परतीला उजाडताच निघावे आणि त्या उताराखालून एकमेकांत अंतर राखून, फोटोसाठी न थांबता सरळ पार व्हावे.