पाम्प्लोनाच्या गल्लीतले बांडे बैल

उत्तर स्पेनमधील नाव्हार्राची राजधानी असलेल्या पाम्प्लोना शहरात दरवर्षी ६ ते १४ जुलै या काळात सान फेर्मिन या संताचा उत्सव भरतो आणि ७ तारखेपासून रोज सकाळी आठाच्या ठोक्याला जुन्या शहराच्या गल्ल्यांतून वळू सोडले जातात. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी तेव्हा डवरणीचे दिवस असतात, त्यामुळे शेत सोडून निघणे सोपे नव्हते. पण पुतण्या तिकडे नोकरीला आहे, आणि लहानपणापासून शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, वेड असलेल्या माणसाला ही धाव एकदा पाहायचीच होती.

मेर्कादेरेस आणि एस्ताफेता हे रस्ते जिथे जवळजवळ काटकोनात मिळतात, त्या वळणावरच्या एका गॅलरीत आम्हाला जागा मिळाली. तिथल्या दगडी फरशीवर वळू घसरून समोरच्या फळ्यांवर आदळत असत, म्हणून आता तिच्यावर घसरण रोखणारे द्रव्य शिंपडतात. पांढरे कपडे आणि गळ्यात लाल रुमाल अशी शेकडो माणसे खाली ताटकळत होती. सान्तो दोमिंगोच्या चढावरून वळू सुटल्याची वर्दी देणारा दारूचा बार उडाला आणि क्षणात सगळा जमाव हलला.

सहा वळूंबरोबर गळ्यात मोठ्या घंटा बांधलेले बैलही धावतात. अंगावर पांढरे-तांबूस पट्टे असलेल्या या बांड्या बैलांना वाट पाठ असते, आणि बिथरलेला वळू कळपात राहतो तो त्यांच्यामुळेच. मागे राहिलेल्या वळूला सोबत नेण्यासाठी थोड्या वेळाने आणखी तीन बैल सोडतात. पुतण्या म्हणाला, “काकाजी, सारे लोक वळू पाहून रायले, अन् तुमची नजर बैलावरच!” नांगराला नवा गोऱ्हा लावताना जोडीला जुना, शहाणा बैल देणाऱ्या कास्तकाराची नजर दुसरीकडे जाणार तरी कशी? साडेआठशे मीटरांहून थोडे अधिक अंतर साधारण अडीच-तीन मिनिटांत सरते.

दुपारी शहर पाहिले. मध्ययुगात इथे एकमेकांशी वैर धरणाऱ्या, आपापली तटबंदी असलेल्या तीन वस्त्या होत्या. राजा तिसरा कार्लोस याने १४२३ मध्ये त्यांचे एक शहर केले आणि तिन्हींच्या मधल्या जागेवर नगरपालिका उभी राहिली. वळू आजही तिच्या दारावरूनच धावतात. त्या राजाची संगमरवरासारख्या शुभ्र दगडातली समाधी कॅथेड्रलमध्ये आहे. १५७१ मध्ये बांधायला घेतलेला पंचकोनी किल्ला आता बगीचा झाला आहे.

सकाळी धावलेले सहाही वळू त्याच संध्याकाळी रिंगणात मारले जातात. तो खेळ पाहायला मी गेलो नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून त्याला जेवणाचे आवतन देणाऱ्या घरात मी वाढलो आहे. ज्याला पळवले त्याला त्याच दिवशी मारणे मला मान्य नाही, आणि ते जुने आहे म्हणून मान्य करावे असेही मला वाटत नाही.

माणसांच्या जिवासाठी त्यांनी केलेली व्यवस्था मात्र आपण उचलावी अशी आहे. मोकळ्या जागी लाकडी कुंपणाच्या दोन रांगा असतात, प्रेक्षक बाहेरच्या रांगेमागे थांबतात आणि मधल्या पट्टीत डॉक्टर, स्ट्रेचर व पोलीस सज्ज असतात. तरीही १९१० पासून तिथे सोळा माणसे दगावली आहेत, यावरून धोका किती असतो ते कळावे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यानंतर गावोगावी पट जोमाने भरू लागले आहेत, पण कित्येक ठिकाणी धावणारी जोडी आणि कडेची पोरे यांच्यामध्ये जेमतेम एक दोर असतो. यंदाच्या पटाआधी दुहेरी बल्ल्या आणि त्यांच्या मधे रुग्णवाहिकेची जागा, एवढी मागणी मी आमच्या गावच्या समितीपुढे लेखी ठेवली आहे. बल्ल्यांसाठी बांधावरचा बांबू मी देणार आहे.