आमची वाटचाल : यादी लहान होत गेली त्याची गोष्ट

आमच्या रोपवाटिकेच्या फळ्यावर सुरुवातीला पन्नासेक फुलझुडपांची नावं असायची. गिऱ्हाईक रंग सांगे आणि आम्ही रोप देत असू. आज घरासमोरच्या वाफ्यासाठी आम्ही जेमतेम बारा नावं सुचवतो आणि रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतो. मधल्या वर्षांत जी नावं फळ्यावरून पुसली, ती बहुतेक गोव्याच्या पावसाने पुसली.

इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने जमीन जवळपास कोरडी असते. त्यात जांभा, म्हणजे इथला लाल दगड. पहारीने दीड फूट खड्डा काढला की बऱ्याचदा तळाला सलग कातळ लागतो आणि पावसात त्या खड्ड्याची टाकी होते. म्हणून रोप ठरवण्याआधी खड्डा काढून तो पाण्याने काठोकाठ भरायचा. चार तासांनीही पाणी दिसत असेल, तर तिथे खड्ड्यात लावणी करायचीच नाही. चिऱ्याचा एक थर मांडून वाफा आठ-नऊ इंच उंच करायचा. हे चिरे सिमेंटने जोडू नयेत. एक तर सांधे मोकळे राहिले की पाणी झिरपून जातं, आणि दुसरं कारण पिटकोळीचं आहे.

पिटकोळी, म्हणजे नर्सरीतली एक्झोरा, आपल्या आंबट लाल मातीतली. लाल गावठी जात वाऱ्यापावसाला दाद देत नाही. तरीही नव्या बंगल्यांतून तिच्याच तक्रारी सर्वांत जास्त येतात : कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत कमी पडलं असं वाटून लोक युरिया घालतात. खरं कारण म्हणजे बांधकामाचा चुना आणि सिमेंट. प्लास्टरचा राडारोडा मातीत मिसळला की तिचा आंबटपणा जातो आणि जांभ्यात भरपूर लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. उपाय दोन. भिंतीलगतची एक फूट माती काढून बाहेरची लाल माती भरायची आणि झाड भिंतीपासून किमान दोन फूट लांब ठेवायचं. तोवर लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून पानांवर पंधरा दिवसांनी एकदा फवारायचं, तेही संध्याकाळी. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या, फरशीवर आधी जुनं कापड घाला. हिराकसाचे तांबडे डाग जाता जात नाहीत. अनंताचंही दुखणं हेच, फक्त तो पानांआधी कळ्या गाळून सांगतो.

कौलारू घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती पागोळी. जुलैत छपराच्या कडेवरून पडणारी धार मातीत चर पाडते आणि झुडपाचं खोड चिखलात बुडवते. मागची ओळ पागोळीच्या रेषेपासून दीड फूट बाहेर असली पाहिजे. चर पडतो तिथे मुठीएवढ्या जांभ्या दगडांचा पट्टा घातला की बरंचसं काम भागतं.

बारा फूट लांब, पाच फूट रुंद वाफ्यात पूर्वी आम्ही चाळीस रोपं बसवत असू. पहिल्या वर्षी वाफा भरल्यासारखा दिसायचा, दुसऱ्या पावसात आतल्या फांद्या हवा न मिळाल्याने कुजायच्या. आता त्याच जागेत एकोणीस रोपं लावतो : मागे चार-चार फुटांवर तीन जास्वंदी, मध्ये तीन-तीन फुटांवर चार ठेंगण्या तगरी, पुढे फुटाफुटावर बारा आबोल्या. पहिली दोन वर्षं मधल्या मोकळ्या जागेत झेंडू किंवा सदाफुली चालते. विक्री अर्ध्याहून कमी झाली हे खरं, पण बदलून द्याव्या लागणाऱ्या रोपांचा खर्चही गेला.

नऊ इंच उंचीच्या अशा वाफ्याला सुमारे ४५ घनफूट मिश्रण लागतं : तीन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस. काथ्याचा भुसा उन्हाळ्यात छान, पण पावसात तो पाणी धरून बसतो. रेताड किनारपट्टीवर मात्र तुसाऐवजी तोच वापरावा. पहिल्या पावसात वाफा दोनेक इंच खचतो, त्यामुळे रोपं थोडी वरच बसवावीत.

जास्वंद म्हटली की लोकांना मोठ्या, दोन-तीन रंगी फुलांची संकरित जात हवी असते. ती आम्ही कुंडीसाठीच देतो, छपराखाली ठेवायच्या अटीवर. जमिनीत लावली तर मूळकूज तिला बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पावसातच गाठते. वाफ्याला गावठी लाल एकेरी जास्वंद. तिला त्रास पिठ्या ढेकणाचा, आणि त्याची सुरुवात मुंग्यांपासून होते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंड्यांची मागची बाजू बघावी. लिटरला ५ मिली कडुनिंब तेल आणि तेवढाच पातळ साबण, आठवड्याच्या अंतराने तीनदा. भर पावसात मात्र औषध वाया जातं, तेव्हा बाधित शेंडे कापून जाळणं बरं. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की झाड एक तृतीयांश छाटायचं. फुलं नव्या फुटीवरच येतात.

आबोलीला आमच्याकडे वर्षभर मागणी, वळेसरासाठी (केसांत माळायच्या गजऱ्यासाठी) आणि वाफ्यासाठीही. दिल्ली आबोली नावाची जात बी धरत नाही, फाटे लावूनच वाढते, म्हणून तिची सगळी रोपं एकसारखी निघतात. माडाखालच्या गाळीव उन्हात ती खुशीत असते. पाणी असूनही दुपारी माना टाकू लागली तर एक रोप उपटून बघा : मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत. त्याच जागी पुन्हा आबोली लावू नये. निदान एक हंगाम झेंडू घ्यावा आणि नंतर प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात १०० ग्रॅम निंबोळी पेंड घालावी.

बोगनवेल आम्ही मिश्र वाफ्यातून काढली ती तहानेच्या हिशोबाने. शेजारच्या आबोलीला एक दिवसाआड पाणी लागतं; तेवढं मिळालं की बोगनवेल नुसती पानं काढते. तिला कुंपणाचा कोपरा, सहा तास ऊन आणि आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्यावं. मुसांडा जानेवारी-फेब्रुवारीत उघडाबोडका दिसतो. तो मेला असं समजून लोक उपटतात; गुडघाभर उंचीवर छाटला की पावसाळाभर गुलाबी राहतो. समुद्राचा खारा वारा थेट लागत असेल तर पिटकोळीची पानं कडेने करपतात. तिथे कण्हेर आणि बोगनवेलच टिकाव धरतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, त्यामुळे घरात लहान मूल आहे का हे आम्ही विचारल्याशिवाय ती देत नाही. भात कापणीनंतर गुरं मोकळी सुटणाऱ्या गावांत जास्वंद फाटकाच्या आतच हवी. घाणेरी फळ्यावरून कायमची गेली. ती रानात पसरते.

आमच्या कामातला सगळ्यात मोठा बदल गिऱ्हाइकाला दिसत नाही. बरीच रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतात, गोदावरीकाठच्या चिकट मातीच्या गोळ्यात. तो गोळा तसाच जांभ्या मातीत बसवला की पावसात चिखल होतो आणि मार्चमध्ये विटेसारखा आवळतो. वरून घातलेलं पाणी त्याच्या कडेने निघून जातं आणि ओल्या वाफ्यात झाड सुकतं. आता प्रत्येक रोप बादलीत वीस मिनिटं बुडवून गोळ्याचा बाहेरचा इंचभर थर बोटांनी सोडवतो, आमच्या मिश्रणात भरतो आणि सहा आठवडे अर्ध्या सावलीच्या जाळीखाली ठेवतो. त्याआधी विकत नाही. दुसरीकडून रोप आणलं असेल तर हे घरीही करता येतं, फक्त मुळं तोडायची नाहीत.

लावणीला जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर. भर जुलैत लावलेली मुळं गुदमरतात.

रोपं न्यायला येताना वाफ्याचे तीन फोटो आणा : सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजताचे. सोबत वाफ्याची लांबी-रुंदी, भिंतीपासूनचं अंतर आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात खारं होतं का, एवढं सांगा.