"मॅडम, हे आपल्यातच राहील ना?"

महापेच्या ऑफिसात परवा प्रॉडक्शनचे साहेब दार लोटून आत आले, फाइल छातीशी धरून. सांडपाण्याच्या तपासणीतले दोन आकडे मर्यादेबाहेर गेले होते. बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं.

मला 'हो' म्हणता आलं नाही. कंपनीच्या कायदा विभागात नोकरी धरली तेव्हाच मी वकिलीची सनद स्थगित केली. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारदाराला वकिली करता येत नाही. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम १३२ चं संरक्षण (अशिलाचं वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहण्याचं) कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाला नाही. बाहेरच्या वकिलाशी झालेलं बोलणं कलम १३४ खाली गोपनीय राहू शकतं, कंपनीचं माझ्याशी झालेलं नाही.

पगार देणाऱ्यापुढे वकील तितका स्वतंत्र राहत नाही, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण माणसं आमच्याशी मोकळं बोलायचीच थांबली, तर चूक वेळेत कळणार कशी? याची मला मनापासून काळजी वाटते.

साहेबांना मी पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. बराच वेळ ते फाइलच्या नाडीशी चाळा करत राहिले. मग गाठ सोडली. "तरी बघा," म्हणाले.