कोयकलम, तिसरा पावसाळा: ३० बांधली, २२ जिवंत

कोयकलम म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधणं. काल सकाळी मोजली. ३० पैकी २२ कलमं जिवंत आहेत आणि त्यातल्या १७ ना तांबूस पालवीपण आलीये. पहिल्या वर्षी २० बांधलेली, जगली ३. गेल्या वर्षी २४ मधली ११. यंदा काय बदललं ते लिहून ठेवतोय, मालवणकडच्या पावसात कोणी पहिल्यांदाच बांधत असेल तर उपयोगी पडेल.

कोयींचं आधी. पहिल्या वर्षी रायवळच्या (गावठी आंब्याच्या) कोयी सुकवून महिनाभर ठेवल्या आणि मग लावल्या, निम्म्या उगवल्याच नाहीत. कोय फार दिवस थांबत नाही, आतला गर सुकला की संपलं. आता आंबा खाल्ला की दोन-चार दिवसांत पाण्यात टाकतो, तरंगेल ती बाजूला, बुडेल ती गादीवाफ्यात. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस, तेव्हाच बांधायचं.

खरी चूक मात्र काडीची होती आणि ती मला दोन वर्षं कळली नाही. मी झाडावरची चांगली दिसणारी काडी कापायचो, पानं काढायचो आणि तासाभरात बांधून मोकळा. आठवडाभर हिरवी दिसायची, मग वरून काळी पडत खाली यायची. मला वाटायचं पाणी आत जातंय, म्हणून गेल्या वर्षी पट्टी अजून घट्ट, वर पेप्सीकोल्याची पिशवी, आणि थोडा फरक पडला म्हणून त्याच समजुतीत राहिलो. शेजारच्या काकी लग्न होऊन आल्यापासून कलमं बांधतायत, त्यांनी माझी काडी नुसती हातात घेतली आणि म्हणाल्या, "झिला, काडी आधी झाडार तयार होवक व्हयी."

म्हणजे तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी काडी बघायची, देठ ठेवून पानं छाटायची आणि काडी झाडावरच राहू द्यायची. आठ-दहा दिवसांत देठ गळून पडतात, टोकाचा डोळा फुगतो. फुगला पाहिजे पण उघडायला नको, त्या वेळी कापायची. बांधण्यात एवढी एकच गोष्ट बदलली, पट्टी तीच, चाकू तोच.

दुसरं मामांच्या वाडीतलं. त्यांनी हापूसचं कलम लावताना सांधा, म्हणजे रोप आणि काडी जुळतात ती जागा, मातीखाली गेला, वरची काडी कधी मेली कळलंच नाही आणि खुंटाचाच (खालच्या रायवळ रोपाचा) फुटवा वाढत गेला. झाड एवढं जोमदार की सगळे कौतुक करायचे. नवव्या वर्षी फळ धरलं ते रायवळ, आंबट, दोऱ्यांनी भरलेलं. मामा काही बोलले नाहीत, नुसते झाडाखाली उभे राहिले. ते बघितल्यापासून मी दर रविवारी सांध्याखालचा प्रत्येक फुटवा नखाने काढतो. ही चूक स्वतः करून शिकायची म्हटलं तर नऊ वर्षं जातात हो, म्हणून ज्यांची कलमं फसली त्यांच्याकडे आवर्जून जाऊन बसतो, कधी लावलं, किती खोल लावलं, पट्टी कधी सोडली सगळं विचारतो. त्याच वाडीत एका कलमाची पट्टी सोडायची राहिली होती, तिथे खोडाला खाच पडली आणि वाऱ्याने बरोबर तिथेच मोडलं.

गेलेली ८: पाच करप्याने (बुरशीच्या रोगाने) गेली, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारायला मला उशीर झाला. तीन ठिकाणी खुंटाची चीर तिरकी गेली, काडीची पाचर (तासलेलं टोक) एका बाजूने बसलीच नाही. खुंट आणि काडीची जाडी सारखी नसेल तर निदान एका कडेची साल तरी सालीला लागली पाहिजे, ते घाईत बघितलं नाही.

पुढच्या वर्षी रत्ना जातीच्या काड्या घेणार. नीलम आणि हापूसचा हा संकर १९८१ सालचा, आणि त्यात हापूससारखा साका (गरात पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होत नाही. काकींच्या झाडावरच्या चार काड्यांना आत्ताच सुतळी बांधून ठेवलीये.