उत्तर वर लिहावे की खाली?

ई-मेलला उत्तर देताना आपला मजकूर मूळ पत्राच्या वर लिहावा, खाली लिहावा, की मूळ पत्रातला एकेक मुद्दा ठेवून त्या त्या मुद्द्याखाली लिहावा, यावरून कित्येक वर्षे कडाक्याचे वाद होत आले आहेत, आणि मला ते क्षुल्लक वाटत नाहीत.

युजनेट या संगणकांवरच्या जुन्या चर्चामंचावर एकाचे लेखन संगणकामागून संगणकाकडे पसरत जात असे, त्यामुळे मूळ लेखनाच्या आधीच त्यावरचे उत्तर वाचकापुढे येण्याची शक्यता असे. म्हणून ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचाराच्या टिपणात, मूळ संदेशाचा सारांश आरंभी द्यावा किंवा संदर्भ कळण्यापुरताच त्यातला मजकूर ठेवावा, असे सांगितले आहे. पुढे आउटलुकसारख्या प्रोग्रॅमांनी कर्सर मूळ पत्राच्या वरच ठेवला आणि कचेऱ्यांमध्ये तीच रीत रुळली. तिथे तिचा उपयोगही आहे, कारण मध्येच सामील झालेल्या माणसाला मागचा सगळा व्यवहार एका जागी मिळतो. लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा (कर्नल) घडवणाऱ्या विकासकांना मात्र ही पद्धत चालत नाही. त्यांच्या मार्गदर्शिकेत अनावश्यक मजकूर छाटून मुद्द्याखाली उत्तर लिहिण्याचा स्पष्ट आग्रह आहे.

माझा कल त्यांच्याकडे आहे. आपल्याकडच्या सार्थ पोथ्यांमध्ये श्लोक आणि लगेच त्याखाली अर्थ अशीच मांडणी असते; सगळे श्लोक आधी आणि सगळे अर्थ शेवटी छापले, तर वाचणाऱ्याला दर वेळी पाने उलटावी लागतील.

तरीही या आग्रहाला मुरड घालावी लागली ती एका अंध स्नेह्यांमुळे. ते स्क्रीन रीडरवर पत्रे ऐकतात. मी आधीची तीन पत्रे जशीच्या तशी ठेवून तळाशी दोन ओळींचे उत्तर लिहिले होते, आणि त्या दोन ओळींपर्यंत पोहोचायला त्यांना ती तिन्ही पत्रे पुन्हा ऐकावी लागली. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त विचारले, “हे सगळं परत पाठवायची गरज होती का?” मला फार वाईट वाटले. उत्तर खाली लिहिले म्हणजे शिष्टाचार पाळला, अशी माझी समजूत होती. छाटणी न करता खाली लिहिणे हे वर लिहिण्यापेक्षाही जाचक आहे, हे मला तोवर सुचलेच नव्हते. आता त्यांना लिहिताना मी त्यांचे एखादेच वाक्य ठेवतो आणि त्याखाली उत्तर देतो.