आमची वाटचाल : चार बोर्ड आणि एक डग्गा

खोल्यांचा आवाज मोजणं आणि आवाज अडवणाऱ्या भिंती डिझाइन करणं हे आमचं काम. सुरुवातीला आमच्याकडे एक जुना साउंड लेव्हल मीटर (आवाजाची पातळी मोजणारं यंत्र), उसना स्पीकर आणि पाकीटभर फुगे होते. खोलीचा घुमार मोजायचा तर फुगा फोडायचा. सगळ्या दिशांना आवाज फेकणारा बारा तोंडांचा स्पीकर चौथ्या वर्षी हप्त्यावर घेतला, तो आजही प्रत्येक साइटवर येतो.

मधली बरी वर्षं सोडून देतो. सांगायचंय ते तबल्याच्या गुरुजींच्या भिंतीबद्दल.

पुण्यात पेठेतल्या इमारतीत गुरुजींचा क्लास, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली. आम्ही दिलेलं ड्रॉइंग साधं होतं. दोन्ही बाजूंना साडेबारा मिलीचे दोन-दोन जिप्सम बोर्ड, स्टड (बोर्ड ज्यावर ठोकतात त्या उभ्या पट्ट्या) दोन्ही बाजूंचे वेगवेगळे, मध्ये १०० मिलीची पोकळी आणि रॉकवूल (दगडी लोकर). एक बोर्ड चौरस मीटरला १० किलो धरला, तर मधली हवा स्प्रिंगसारखी वागून दोन्ही बाजू डोलतात ती वारंवारता येते ६० हर्ट्झ. त्या वारंवारतेजवळ भिंत आवाज नीट अडवत नाही; डग्ग्याचा आवाज तिच्या वर राहतो.

काम चालू असताना दुसऱ्या एका फर्मचा माणूस साइटवर आला. “मध्येही बोर्ड घाला, दोनाच्या तीन भिंती होतील,” असं त्यानं ठेकेदाराला पटवलं. दोन्ही बाजूंचा एकेक बोर्ड काढून मधोमध बसवला. बोर्ड तेच चार, वजन तेच. पण एका पोकळीच्या ५० मिलीच्या दोन पोकळ्या झाल्या आणि ६०चे झाले ८५ आणि १२० हर्ट्झ. डग्ग्याचा घुमार नेमका याच पट्ट्यात! आणि एसटीसीचा आकडा (भिंत किती आवाज अडवते याचं मानांकन) १२५ हर्ट्झपासून पुढचंच बघतो, त्यामुळे कागदावर भिंत पास.

शेजारी भांडायला आले. डिझाइन आमचं, म्हणून खापर आमच्यावर. ठेकेदारानं बिल अडवलं, बोभाटा झाला, हातातली तीन कामं गेली. पार्टनरनं नोकरी धरली. त्याचं घर होतं, मी अडवलं नाही. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा गुरुजींनी माझी आकडेमोडीची वही शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, “तुमचं गणित खरं असेल तर फोडा भिंत. खर्च माझा.”

दोन दिवसांत मधले बोर्ड काढून बाहेर लावले. फॉल्स सीलिंगपाशी थांबवलेली भिंत थेट स्लॅबला भिडवली, पाठीला पाठ लावलेले स्विचबोर्ड हलवले, फटी मॅस्टिकनं (लवचिक लांबीनं) भरल्या. भिंत बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी कितीही भारी भिंत २० डेसिबलच्या पुढे अडवत नाही. बोर्डावर पैसे घालण्याआधी फटी बघा.

मग मी शेजाऱ्यांच्या खोलीत मीटर घेऊन उभा राहिलो आणि पलीकडे गुरुजी डग्ग्यावर बसले. पाच मिनिटांनी शेजारच्या आजींनी विचारलं, “सुरू कधी करणार?”

त्या दुसऱ्या फर्मच्या माहितीपत्रकात त्या खोलीचा फोटो अजून आहे. पाटल्या सोडवायला मला तीन वर्षं लागली. गुरुजींचे शिष्य मात्र नवा क्लास काढताना आधी आम्हालाच फोन करतात.